मधल्या सुट्टीनंतरची चांदणी

माझ्या मुलीबद्दल शाळेतून ज्या तक्रारी आल्या त्यांतली एकही खोटी नव्हती, हे आधीच सांगून टाकतो. ती न विचारता वर्गाबाहेर जायची. तीही दारातून नाही, खिडकीतून, कारण तिच्या बाकापासून खिडकी जवळ पडते. पुढच्या बाकावरच्या दोघींच्या वेण्या तिने एकमेकींना बांधल्या होत्या. त्यांतल्या एकीला फळ्यापाशी बोलावलं तेव्हा दुसरीही ओरडत मागोमाग गेली. आणि सगळ्यांत मोठा गुन्हा म्हणजे बाकावर उभं राहून, एका हाताने कंपासपेटी आभाळाकडे धरून, ती मुख्याध्यापकांची नक्कल करायची.

ही नक्कल समजायला आमची शाळा माहीत हवी. शहापूरहून मुरबाडकडे जाताना मुख्य रस्ता सोडून आत वळलं की आमचं गाव. शाळा जिल्हा परिषदेची, आठवीपर्यंत. शाळेच्या आवारात मोबाईलला रेंज एकाच ठिकाणी येते, मागच्या पाण्याच्या टाकीच्या चबुतऱ्यावर, आणि तिथेही हात उंच केला तरच. दुपारची खिचडी झाली की किती मुलं जेवली हा आकडा मुख्याध्यापकांनी वर कळवायचा असतो. त्यानंतर आणखी काही ना काही कळवायचं निघतं. कधी शौचालयाचा फोटो, कधी झाडांचा फोटो, कधी झाडाशेजारी उभ्या केलेल्या मुलांचा फोटो. मधली सुट्टी संपली की सर चबुतऱ्यावर चढायचे. माझी मुलगी सातवीत, आणि सातवीला नेमके तेव्हाच त्यांचे गणिताचे दोन तास असायचे, एकापाठोपाठ एक. फळ्यावर ‘उदाहरणसंग्रह वहीत उतरवा’ एवढं लिहिलेलं असायचं, आणि वर्ग खिडकीतून बघत बसायचा: सर आभाळाकडे हात करून उभे आहेत आणि आभाळ काही देत नाही.

मी वाशिंदच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. आलेला माल, गेलेला माल, उरलेला माल, हे तीन आकडे जुळले नाहीत तर मला जेवण जात नाही. शुक्रवारी माझी सुट्टी, म्हणून शाळा व्यवस्थापन समितीत पालकांमधून माझं नाव घातलं गेलं. समितीच्या बैठका शुक्रवारी असतात. माझी दुसरी कुठलीच पात्रता कोणी विचारली नव्हती.

जून संपत आला तेव्हा मुख्याध्यापकांनी मला कार्यालयात बोलावून घेतलं.

“तुम्ही समितीचे सदस्य, म्हणून सरळ सांगतो,” ते म्हणाले. “मुलीला शाळेतून काढता येत नाही. कायदा आहे. पण तुम्ही अर्ज केलात, की आम्हाला दाखला हवा, तर मी दाखला देऊ शकतो.”

“म्हणजे कायदा मी मोडायचा?”

“मोडायचा कशाला? अर्ज करायचा.”

मग त्यांनी मुदत दिली. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत ते वाट बघणार होते. तोवर वागणूक सुधारली तर ठीक, नाही तर अर्ज. मी विचारलं, “सर, या सगळ्या तक्रारी कुठल्या तासाच्या आहेत?” ते म्हणाले, “तासाचा काय संबंध? मुलगी सगळ्या तासांना तीच असते.” मी उठून बाहेर आलो. सातवीच्या वर्गशिक्षिका, गेल्याच वर्षी आलेल्या नव्या बाई, व्हरांड्यात भेटल्या. त्यांनाही मी तेच विचारलं. त्या इकडेतिकडे बघत हळूच म्हणाल्या, “माझ्या तासाला नाही हो काही. सकाळी ती बरी असते.”

दाखला घेतला तर मुलीला मुरबाडला मामाकडे ठेवायचं, असं घरात ठरत होतं. शहापूरला रोज पाठवायचं तर जाण्यायेण्याचं काही खरं नाही. मामाच्या घरापासून शाळा दोन मिनिटांवर. मामा चांगला माणूस आहे, मामीही वाईट नाही. पण माझी एकच मुलगी, आणि ती गेली तर घरात मी आणि बायको एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसणार. मुलीला सांगितलं तेव्हा ती भाकरी खात होती. घास तिथेच ठेवला.

“मी मुरबाडला नाय जाणार.”

“का गं? मामा किती लाड करतो.”

“पाहुणी असते तेव्हा करतो. जास्त दिवस राहिलं की मामी मला घडी घालून कपाटात ठेवते.”

“मग शाळेत नीट वाग,” माझी बायको म्हणाली.

“नीट म्हणजे काय करू? उदाहरणं उतरवून होतात. नंतर काय करू, सांग ना.”

बायको माझ्याकडे बघायला लागली. मी भातात आमटी घेतली.

त्या सुमाराला मुख्याध्यापक शहापूरला दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला गेले. येताना एक कापडी पिशवी, एक फाइल आणि एक नवा शब्द घेऊन आले: सकारात्मक वर्तन सहाय्य. पुढच्या शुक्रवारी त्यांनी आम्हाला तो समजावून सांगितला. मुलाला शिक्षा करायची नाही. चांगलं वागला की तिथल्या तिथे कौतुक करायचं. नुसतं ‘छान’ म्हणायचं नाही, काय छान केलं ते नेमकं सांगायचं. आणि वाईट का वागतो हे शोधून ते कारणच काढून टाकायचं. हा शेवटचा मुद्दा त्यांनी सगळ्यांत भराभर वाचला. मला मात्र तोच सगळ्यांत महत्त्वाचा वाटला. मशीन सारखं बंद पडत असेल तर आमच्याकडेही मशीनला हार घालत नाहीत.

आठवड्याभरात व्हरांड्यात पिवळ्या रंगाचा फलक लागला: आदर, जबाबदारी, सुरक्षितता. फलक इतका खाली लावला होता की दोन मुलांचं डोकं त्याच्या कोपऱ्यावर आपटलं, तेव्हा सुरक्षिततेसाठी तो वर सरकवला. प्रशिक्षणात असंही सांगितलं होतं की एकदा रागवायचं असेल तर त्याआधी चार वेळा तरी कौतुक झालेलं असावं. सरांनी ते अक्षरशः घेतलं. मुलगी घरी येऊन सांगायची.

“आज सर एका पोराला म्हणाले, छान उभा राहिलास. छान भांग पाडलास. छान चप्पल रांगेत ठेवलीस. छान माझ्याकडे बघतोयस. आता कान धर!”

बायको हसून हसून तव्यावरची भाकरी करपवून बसली. पुढे पुढे मुलं इतकी तयार झाली की सरांनी ‘छान’ म्हटलं की मोजायला लागायची, आणि तिसऱ्या ‘छान’ला कान झाकून घ्यायची.

आता चांदण्या. योजनेत असं होतं की दर शुक्रवारी ज्याचं वर्तन चांगलं त्याला सोनेरी कागदाची चांदणी द्यायची, ती वर्गात लावायची. साधी गोष्ट. पण आमच्या गावात कोणालाही काहीही दिलं की तो मान होतो, आणि मान म्हटला की तो कोणाच्या आधी आणि कोणाच्या नंतर हा प्रश्न येतो. समितीचे अध्यक्ष ज्या घरातले, त्या घराला होळीच्या पहिल्या नारळाचा मान आहे. त्यांच्या वडिलांना होता, त्यांना आहे, त्यांच्या मुलाला मिळेल. हा मुलगा माझ्या मुलीच्याच वर्गात. स्वभावाने गरीब, बसवाल तिथे बसतो, उठवेपर्यंत उठत नाही.

पहिल्या चांदणीचा विषय निघाला तेव्हा मुख्याध्यापक म्हणाले, “पहिली चांदणी अध्यक्षांच्या मुलालाच द्यावी असं मला वाटतं. त्याचं वर्तन खरोखर...”

“असं कसं, सर?” अध्यक्ष खुर्चीत पुढे सरकले. ते मनापासून बोलत होते. “होळीला पयला नारळ पोराच्या हातात देतात का? पयला मान मोठ्या मानसाचा. शाळेत मोठं कोन? तुमी. पयली चांदनी तुमची.”

“अहो, ही विद्यार्थ्यांसाठी आहे.”

“मान मोठ्याला दिला की पोरांना वळन लागतं. शाल आमी आनतो. नारळ आमच्या घरचा. भाऊ, बरोबर ना?”

भाऊ म्हणजे मी. मी योजनेचा कागद हातात घेऊन बघितला. चांदणी कोणाला द्यायची नाही, असं त्यात कुठेही लिहिलेलं नव्हतं. मी तसं सांगितलं. मुख्याध्यापक नको नको म्हणाले, पण शालीला नको म्हणणारा माणूस किती वेळ नको म्हणतो याला मर्यादा असते.

गणपती झाल्यावरच्या शुक्रवारी कार्यक्रम ठेवला. सगळी शाळा मैदानात बसवली होती. अध्यक्षांच्या घरून शाल, नारळ आणि पेढे आले. सोनेरी चांदणी हातभर रुंद होती. मुलांच्या चांदण्या तळहाताएवढ्या कापल्या होत्या, पण मानाची म्हणून ही खास कापून घेतली. नव्या बाईंनी सूत्रसंचालन केलं. त्या मध्येच थांबल्या.

“चांदणीवर काय लिहायचं? कागदात म्हटलंय की नेमकं वर्तन लिहायचं. नुसतं ‘आदर्श’ चालणार नाही.”

अध्यक्षांनी मार्कर पेन घेतलं आणि मुलांकडे वळले. “बरोबर बोलल्या बाई. सांगा रे पोरांनो, आपले सर काय चांगलं करतात? जो सांगल तेचं नाव घेतो.”

एकही हात वर गेला नाही. मागे कुठेतरी एक शेळी ओरडली. अध्यक्षांनी आपल्या मुलाकडे बघितलं. तो उभा राहिला, “सर खूप...” म्हणाला, आणि तसाच उभा राहिला. खूप काय, ते त्याला सापडेना. मुख्याध्यापक शाल खांद्यावर घेऊन मुलांकडे बघत होते. एवढी सगळी मुलं आणि एकालाही काही आठवू नये, हे त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उमटायला लागलं होतं. त्या क्षणी मला त्यांची दया आली, हेही नोंदवून ठेवतो.

तेवढ्यात माझी मुलगी उठली.

“मी सांगू?”

“सांग गो, सांग.”

“मधल्या सुट्टीनंतर घंटा झाली की सर लगेच वर्गात येतात आणि दोन्ही तास गणित शिकवतात.”

सातवीच्या वर्गातून एकदम खोकल्याची साथ आल्यासारखा आवाज झाला. नव्या बाईंनी खाली वाकून माइकची वायर बघायला सुरुवात केली. वायरला काहीही झालं नव्हतं. मी समितीच्या खुर्चीवर बसलेला माणूस, मी पुढच्या रांगेतल्या मुलांच्या चपला बघत राहिलो. अध्यक्ष मात्र खुश झाले. दुपारी ते कधीच शाळेकडे फिरकलेले नव्हते.

“वा! याला म्हनतात काम. दोन्ही तास! आमच्या टायमाला मास्तर दुपारचे झोपायचे.” आणि ठसठशीत अक्षरात त्यांनी चांदणीवर लिहिलं: मधल्या सुट्टीनंतर वेळेवर वर्गात येतात, दोन्ही तास गणित शिकवतात. टाळ्या झाल्या. सगळ्यांत जोरात सातवीच्या वर्गाने वाजवल्या. मुख्याध्यापकांनी चांदणी हातात धरून फोटो काढून घेतला. तो वर पाठवायचा होता. कार्यक्रम संपल्यावर, शाल अंगावर तशीच, ते टाकीच्या चबुतऱ्यावर चढले.

संध्याकाळी दिवेलागणीला ते आमच्या दारात. हातात दाखल्याच्या अर्जाचा कोरा नमुना. बायकोने चहा टाकला. मुलगी आत जाऊन दाराच्या मागे उभी राहिली. मला तिची बोटं दिसत होती.

“हे आता फार झालं,” सर म्हणाले. “दिवाळीची वाट बघण्यात अर्थ नाही. भरून द्या अर्ज.”

“काय झालं, सर?”

“काय झालं? सगळ्या गावासमोर तिने माझी थट्टा केली.”

“काय म्हणाली ती?”

“तुम्ही होतात ना तिथे.”

“होतो. पण अर्जात कारण लिहावं लागेल. तिचे शब्द काय होते?”

सरांनी चहाचा कप उचलला, परत ठेवला. “म्हणाली... मी मधल्या सुट्टीनंतर वर्गात येतो.”

“मग यात थट्टा काय?”

सरांनी कप पुन्हा उचलला. बोलायचं तर दोनच गोष्टी बोलता येत होत्या. ते वर्गात येतात, तर मुलगी खरं बोलली. ते येत नाहीत, तर चांदणी खोटी. शाल अजून त्यांच्या पिशवीतून बाहेर डोकावत होती.

माझ्या बायकोला एवढं पुरेसं झालं नाही. “सर, तुमीच सांगता ना कौतुक नेमकं करायचं. तिनं नेमकं केलं. बक्षीस सोडून दाखला काय देता?”

“वहिनी, तुम्हाला कळत नाही,” ते म्हणाले. पण आवाज खाली आला. चहा संपवून मग ते थोडं वेगळंच बोलले. “मला काय हौस आहे का त्या टाकीवर उभं राहायची? आकडा दुपारी गेला नाही तर मला फोन येतो. वर्ग बुडाला तर कोणाचाच फोन येत नाही.”

हे खरं होतं. त्या संध्याकाळी त्यांनी सांगितलेली ती एकच गोष्ट मला पटली, आणि मी ती त्यांना सांगितलीही. अर्जाचा नमुना ते टीपॉयवर ठेवून गेले. ठरल्याप्रमाणे दिवाळीपर्यंत, असं दारातून म्हणाले.

इथून पुढे जे झालं त्यात माझा काही हात नाही. अध्यक्षांचा आहे, आणि त्यांना तो अजूनही माहीत नाही. आमच्याकडे मान दिला की देणाऱ्याचं काम संपत नाही. घेणारा तो सांभाळतो की नाही हे देणाऱ्याला बघावं लागतं, नाही तर लोक देणाऱ्यालाच हसतात. अध्यक्षांनी चांदणी काचेच्या फ्रेममध्ये घालून सातवीच्या दारावर ठोकली. आणि सोमवारी दुपारी घंटा झाली तेव्हा ते स्वतः व्हरांड्यात येऊन उभे राहिले. कोणाला पकडायला नव्हे. भाताच्या खतासाठी जाता जाता, आपण दिलेला मान कसा शोभतो ते बघायला.

मुलीने संध्याकाळी सांगितलं.

“सर टाकीकडं निघाले होते. अध्यक्षकाका दिसले. मग वळले आनि वर्गात आले.”

“मग?”

“मग काय, शिकवलं. काका खिडकीत उभे राहून मान हलवत होते. त्यांना काय कळत होतं काय माहीत. सरांना जाताच येईना.”

मंगळवारी अध्यक्ष पुन्हा आले, बरोबर एका पाहुण्याला घेऊन. बुधवारी आले नाहीत, पण येतील की काय म्हणून सर वर्गात होते. गुरुवारी वर्गातल्या मुलांनीच, सर दारात आल्याबरोबर, टाळ्या वाजवल्या. ही टाळ्यांची कल्पना कोणाची हे मी घरी विचारलं नाही. कागदातच लिहिलं होतं की चांगलं वर्तन दिसलं की तिथल्या तिथे कौतुक करावं.

पण आकडा तर पाठवायलाच हवा. दोन दिवस तो गेला नाही आणि सरांना फोन आला. नव्या बाईंनी सुचवलं, “सर, मोबाईल मुलांपैकी कोणाच्या हाती द्या ना. आकडा तुम्ही भरून ठेवा, टाकीवर जाऊन नुसतं बटण दाबायचं. वर्गात एक जण अशी आहे जिला सारखं बाहेर जायचं असतं.”

“ती?” सर म्हणाले. “तिच्या हातात माझा मोबाईल?”

हे मला बाईंनी नंतर सांगितलं. त्यांनी सरांशी वाद घातला नाही; एवढंच म्हणाल्या की सर, सध्या तुमच्या तासाला वर्ग किती शांत असतो. चार वेळा म्हणाल्या की एकदा, ते मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी मोबाईल माझ्या मुलीच्या हातात होता. दारातून, परवानगीने, ती टाकीवर जायची, हात उंच करायची, आकडा गेला की परत यायची. पहिल्या दिवशी तिला फार मोठं वाटलं. आठवड्याने घरी येऊन कुरकुरायला लागली.

“विचारून बाहेर जायला कायपन मजा नाय, पप्पा. आनि आले की तोवर एक उदाहरन होऊन जातं. मंग तो गरीब गाय मला समजवतो.” गरीब गाय म्हणजे अध्यक्षांचा मुलगा.

मी तिच्या वह्या रोज बघतो. गुणोत्तर-प्रमाणाची पानं भरायला लागली होती. सरांच्या लाल शाईच्या खुणा होत्या, तारखेसकट. जुनी माणसं सांगायची की हे सर तरुणपणी गणित उत्तम शिकवायचे. मला वाटायचं, जुन्या सगळ्याच मास्तरांबद्दल असं म्हणतातच. पण एका पानावर त्यांनी व्यस्त प्रमाण समजावताना टाकी, नळ आणि वेळ अशी आकृती काढून दिली होती. ती बघून मीच नीट बसलो.

लवकर पिकणारं हळवं भात कापून झालं आणि दिवाळीच्या आधीची शेवटची बैठक आली. मी अर्जाचा कोरा नमुना खिशात घेऊन गेलो होतो. बायको त्या दिवशी दुपारपर्यंत कोणाशी नीट बोलली नव्हती, आणि मुलीने शाळेत जाताना वळूनही बघितलं नव्हतं. विषयपत्रिकेवर तिचा विषय नव्हता. तो कधीच नव्हता. तिथे होतं: योजनेचा अहवाल.

मुख्याध्यापकांनी आलेख दाखवला. तक्रारींची रेघ जूनमध्ये उंच होती, गणपतीनंतर घसरत घसरत जमिनीला टेकली होती. “ही सकारात्मक वर्तन सहाय्याची ताकद,” ते म्हणाले.

मी विचारलं, “सर, या तक्रारी लिहितं कोण?”

“मी.”

“आणि गणपतीनंतर कमी कोणी लिहिल्या?”

“भाऊ,” अध्यक्ष मध्ये पडले, “चांगलं झालं तर चांगलं म्हनावं. किती खोदता?”

मी खोदणं थांबवलं. खरं म्हणजे वागणूक कोणाची बदलली, हा प्रश्न त्या आलेखात बसत नव्हता, आणि तो विचारला असता तर रेघ पुन्हा वर गेली असती. मी खिशातला कागद काढून टेबलावर ठेवला. “हा दाखल्याचा अर्ज. भरायचा की नाही ते आज सांगा. मुरबाडला कळवायचं आहे.”

मुख्याध्यापकांनी अर्जाकडे बघितलं, मग आलेखाकडे. त्यांच्या मनातला हिशोब मला समोर लिहिल्यासारखा दिसत होता. आलेखाच्या सुरुवातीची ती उंच रेघ जवळजवळ सगळी माझ्या मुलीची. ती दाखला घेऊन गेली, तर वरून कोणीतरी म्हणणार, मुलगीच गेली म्हणून तक्रारी गेल्या. मग योजना कुठे राहिली?

“कशाला भरायचा?” ते म्हणाले. “मुलगी आता आपली यशोगाथा आहे.”

“दाखला कसला?” अध्यक्ष गोंधळले. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. “कोनाचा दाखला?”

“कोणाचा नाही,” सर म्हणाले आणि अर्ज घडी करून आपल्या फाइलमध्ये ठेवला. मी तो परत मागून घेतला. कोरा कागद असला तरी माझ्या घरून गेलेला होता.

यशोगाथेचं पुढे असं झालं की शहापूरला तालुक्याच्या मेळाव्यात ती सांगायची होती. पूर्वी बेशिस्त असलेल्या विद्यार्थ्याने स्वतः उभं राहून दोन मिनिटं बोलायचं. माझ्या मुलीला पाठवायचं ठरलं, आणि मग सरांना धीर होईना. ती तिथे माइकसमोर काय बोलेल याची खात्री आलेख देत नव्हता. म्हणून अध्यक्षांच्या मुलाला पाठवलं. तो रीतसर उभा राहिला आणि म्हणाला, मी पूर्वी फार वाईट वागत होतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अध्यक्ष मात्र घरी येऊन मुलाला विचारत होते, “रे, तू कधी वाईट वागलास? मला कसं नाय सांगितलं?”

मुलगी यावर दोन दिवस धुमसत होती. “वेण्या मी बांधल्या, आनि टाळ्या त्याला!”

पण बैठकीच्या त्या शुक्रवारी हे सगळं अजून व्हायचं होतं. मी घरी आलो तेव्हा बायको दारातच होती. मी कोरा अर्ज तिच्या हातात दिला. तिने तो उलटसुलट बघितला, आणि उभ्या उभ्याच भावाला मुरबाडला फोन लावला.

“दादा, नाय पाठवत तिला. ... नाय रे, भांडन बिंडन नाय. ... तिथल्या हेडमास्तरांना सांग, जागा दुसऱ्या कोनाला द्या.” मामाने काहीतरी विचारलं असावं. बायकोने आत बघितलं. आत मुलगी, पुढच्या बैठकीत मी काय काय विचारायचं याची मोठमोठ्याने यादी म्हणत होती. “सुधारली का? थांब, ऐक तूच,” म्हणून बायकोने फोन आतल्या दिशेने धरला.